जेसीबी आला आणि फळं राहिली

पत्र :

ताई, मी पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एका छोट्या बालवाडीत शिकवते. वय २६. माझ्या गटात तीन ते साडेचार वर्षांची २२ मुलं, मी आणि एक मावशी. यंदा जूनपासून शाळेनं ठरवलंय, 'खेळातून शिक्षण, मुलांच्या कलाने'. माहितीपत्रकावरही तसं छापलंय. पण दर शनिवारी मोठ्या बाईंना पुढच्या आठवड्याचा तक्ता भरून द्यावा लागतो : वार, वेळ, कृती, उद्दिष्ट, निष्पत्ती. मागच्या आठवड्याचा विषय होता 'फळे'. चित्रं, प्लॅस्टिकची फळं, ठसेकाम, सगळं मी तयार ठेवलं होतं. सोमवारी सकाळी ड्रेनेजच्या कामासाठी गेटसमोर जेसीबी आला. मुलं जी जाळीला चिकटली ती गुरुवारपर्यंत. एक मुलगी सारखी विचारत होती, 'पाइप कुठं जातो?' एक जण म्हणाला, 'त्याचा हात कोपरात वाकतो.' मी दोनदा सगळ्यांना आत आणून सफरचंद रंगवायला बसवलं. एकानं सफरचंदाला चाकं काढली. शनिवारी तक्त्यातले निम्मे रकाने रिकामे. बाई म्हणाल्या, 'मुलांच्या कलाने म्हणजे आपण काहीच करायचं नाही, असं नसतं.' मुलांच्या मागं जायचं तर मग नियोजन करायचं तरी कशाचं? त्यात पालक रोज विचारतात, लिहायला कधी शिकवणार? जवळच्याच एका शाळेतली याच वयाची मुलं ए टू झेड लिहितात म्हणे. शिवाय माझ्याकडचा एक मुलगा रोज फक्त गाड्या ओळीत लावत बसतो. त्याला दुसरीकडं वळवू का?

– गोंधळलेली ताई

उत्तर :

वय लिहिलं आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

तुझं पत्र वाचताना त्या चाकवाल्या सफरचंदापाशी मी थांबले. तो कागद टाकून दिला नसशील तर जपून ठेव. तू दिलेलं सफरचंद आणि डोक्यात घुमणारी गाडी, दोन्ही एका कागदावर बसवून त्यानं तुझं मन राखलं आणि स्वतःचंही. इतकी तडजोड मला या वयातही जमत नाही.

तुझ्या बाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकते. सकाळी रिकाम्या हातानं वर्गात जायचं आणि जे होईल ते होऊ द्यायचं, हे मी एक वर्ष करून पाहिलंय. नवा उत्साह होता, 'मुलांना मोकळं सोडा' हे शब्द डोक्यात बसले होते. त्या वर्षी माझ्या वर्गातले लाकडी ठोकळे जूनपासून दिवाळीपर्यंत तिघांच्याच ताब्यात होते. तिघं धीट, आवाज मोठा. बाकीची मुलं कडेकडेनं फिरायची. एक मुलगी रोज ठोकळ्यांच्या कोपऱ्याशी जाऊन उभी राहायची आणि थोड्या वेळानं भातुकलीकडं वळायची. मी वहीत कौतुकानं लिहीत होते, 'हिला भातुकलीची आवड.' आवड कसली! तिला आत शिरायला जागाच मिळत नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत वही चाळताना ते माझ्या ध्यानात आलं. आजही आठवलं की कानकोंडं होतं. मुलांच्या कलाने म्हणता म्हणता मी धिटांच्या कलाने चालले होते.

तेव्हा नियोजन हवंच, बाई मागतात त्याहून जास्त हवं. पण तुझ्या तक्त्यात मुलं बुधवारी सव्वादहाला काय करणार हे आदल्या शनिवारी ठरलेलं असतं. ते ना तुझ्या हातात आहे ना बाईंच्या. तुझ्या हातात आहे ते एवढं : कोणत्या वस्तू मांडायच्या, कुठं मांडायच्या, सलग किती वेळ द्यायचा, आणि तू स्वतः कधी काय बोलायचं. हे सगळं ठरतं आज खेळात काय दिसलं त्यावरून. म्हणून नियोजनाची खरी वेळ रोजची, मुलं घरी गेल्यानंतरची पंधरा मिनिटं. मावशी फरशी पुसत असतात ना, तेव्हाची.

तोच आठवडा पुन्हा घेऊन बघू.

सोमवारी काहीच मांडायचं नव्हतं. जाळीपासून सुरक्षित अंतरावर सतरंजी टाकायची आणि तूही बसायचं. खिशात छोटी वही. मुलं काय म्हणतात, काय करतात, तेवढंच लिहायचं, विशेषणं नकोत. 'हुशार आहे', 'चौकस आहे' असं लिहिलेल्या नोंदीवरून उद्या काय मांडायचं ते कधीच कळत नाही. 'तीन वेळा विचारलं, पाइप कुठं जातो' यावरून कळतं. तू वही न ठेवताही दोन वाक्यं लक्षात ठेवलीस आणि मला लिहून पाठवलीस. तुझ्या पत्रातला सगळ्यात मोलाचा ऐवज तोच आहे आणि तू तो तक्रारीच्या मध्ये कुठंतरी टाकून दिलायस.

नीट बघ, ही दोन मुलं दोन वेगळ्या वाटांनी चालली आहेत. 'हात कोपरात वाकतो' म्हणणारा यंत्राचा सांधा स्वतःच्या शरीराशी ताडून बघतोय. पाइपवाली मुलगी जमिनीखालचं, न दिसणारं काहीतरी डोळ्यांसमोर आणायची खटपट करतेय. पाण्याला सुरुवात आहे तर शेवटही असणार, असा काहीसा तिचा हिशेब असावा. चार वर्षांच्या डोक्याला हा विचार लहान नाही. सफरचंद रंगवण्यात यातलं काय होतं सांग.

सोमवारी दुपारी तुझ्या वहीत दोन प्रश्न आले. मंगळवारची मांडणी त्यांच्यावरून. पाइपसाठी पीव्हीसीचे हातभर लांबीचे तुकडे. कुठल्याही प्लंबरकडं उरलेले असतात, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानांच्या बोहरी आळीत जा, तिथं एल्बो आणि टी हे पाइपचे जोडसुद्धा सुटे मिळतात. कापलेल्या कडा पॉलिश पेपरनं घासून घे. नरसाळी, प्लॅस्टिकचे मग, अर्धी बादली पाणी आणि विटेवर टेकवलेली एक उतरती फळी. कोपराच्या प्रश्नासाठी घमेल्यात ओली माती, डाव, झारा, मोठा चमचा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि त्या एकमेकींना बांधायला सुतळी. बास. एवढ्यावर तीन दिवस निघतात. एकदम वीस गोष्टी मांडशील तर मुलं त्या नुसत्या उपसतील. मी एका वेळी एकच कोपरा बदलते, बाकीचे ओळखीचे ठेवते.

वस्तू किती, हेसुद्धा नियोजनच आहे. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकी संशोधिकेनं १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाच्या तऱ्हा मांडल्या : एकट्यानं खेळणं, दुसऱ्याच्या शेजारी बसून तसंच पण आपापलं खेळणं, मग हळूहळू मिळून खेळणं. तुझ्या गटातली तीन वर्षांची बरीच मुलं त्या मधल्या टप्प्यावर असणार. त्यांना एक नरसाळं देऊन 'मिळून खेळा' म्हटलं तर रडारड ठरलेली. पाच नरसाळी ठेव. वाटून घेणं पुढं येतं, शेजार आधी जमू दे.

पाण्यापाशी मावशींना बसव, आणि तसं तक्त्यात लिही : 'मावशी – पाणी आणि माती.' त्यांना आधी थोडं समजावून सांग, म्हणजे त्या 'कपडे भिजतील' म्हणून मुलांना उठवणार नाहीत. माझा अनुभव असा की मुलं ताईंपेक्षा मावशींना जास्त खरं सांगतात. दुपारी दोन मिनिटं त्यांना विचारत जा, आज काय ऐकलंत. खेळ संपला की बादल्या-घमेली उपडी करायची, या दिवसांत साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. आणि मणी, चिंचोके, हरभरे असलं बारीक काही लहान्यांच्या हाती लागू देऊ नकोस. नाकात वाटाणा गेलेलं मूल घेऊन मी एकदा दवाखान्यात बसलेय, पुन्हा बसायची इच्छा नाही.

आता वेळ. बहुतेक बालवाड्यांच्या तक्त्यात वीस-वीस मिनिटांचे रकाने असतात, तुझ्याही असणार. यात खेळ उभाच राहत नाही. पहिली दहा-बारा मिनिटं जातात ड्रायव्हर कोण होणार या भांडणात. मग एक जण खड्डा खणतो, दुसरा म्हणतो हा खड्डा माझा, तिसरा कुठूनतरी दोरी आणतो आणि रस्ता बंद करतो. आता कुठं गोष्ट रंगायला लागली, तोवर घंटा. मुक्त खेळाला सलग तास दे. बाईंकडं भांडायचंच असेल तर या एका तासासाठी भांड, बाकी सगळं सोडून दिलंस तरी चालेल.

राहिलं तुझं बोलणं. आमच्या वर्गात एकदा मंडई भरली होती. चार वर्षांचा एक भाजीवाला फर्निचरवर चढून 'घ्या घ्या, ताजी ताजी' ओरडत होता, खाली गिऱ्हाइकांची झुंबड. मला वाटलं, संख्याज्ञानाची संधी आली. मी पुढं होऊन विचारलं, 'अरे वा, किती बटाटे आहेत? मोजून सांग बरं. आणि याचा रंग कोणता?' त्यानं माझ्याकडं बघितलं, खाली उतरला आणि म्हणाला, 'दुकान बंद झालं.' खरंच बंद झालं. त्या दिवशी परत उघडलं नाही.

ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे हे मुलालाही माहीत असतं, तो प्रश्न म्हणजे परीक्षा. खेळात परीक्षक घुसला की खेळ संपतो. दुसऱ्या वर्षी पुन्हा मंडई भरली तेव्हा मी पिशवी घेऊन रांगेत उभी राहिले. माझी पाळी आल्यावर म्हणाले, 'घरी पाच जणं जेवायला आहेत, आज काय नेऊ?' भाजीवालीनं बोटं मोजून मला पाच खडे दिले, वर कोथिंबीर म्हणून एक पान फुकट. ती मोजणी मी मागितली नव्हती. तुझ्या पाइपवाल्या मुलीलाही उत्तर सांगू नकोस. तिच्याशेजारी बस, पाइपमधून पाणी सोड आणि म्हण, 'मला वाटलं होतं ते इथून बाहेर येईल, पण आलंच नाही.' मग गप्प राहा. गप्प राहणं सगळ्यात अवघड, त्याची सवय व्हायला मला काही वर्षं लागली.

बुधवारपर्यंत पाइपचं काहीतरी भलतंच होईल याची तयारी ठेव. कुणी त्यातून दुसऱ्या टोकाला 'हॅलो' म्हणेल, कुणी हत्तीची सोंड करेल. होऊ दे. सायमन निकल्सन नावाच्या इंग्रज कलावंतानं १९७१ मध्ये 'सुट्या भागां'ची कल्पना मांडली : ज्या जागेत हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या वस्तू जास्त, तिथं माणसाची कल्पकता जास्त चालते. वाचल्यावर मला आपल्याच माणसांची आठवण झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं. परदेशी साधनं महाग, म्हणून बिया, पानं, खडे, शंख-शिंपले हेच त्यांचं साहित्य झालं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढं जवळच्या कोसबादला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरवली. त्यांचं नियोजन केवढं पक्कं असेल विचार कर. फक्त मूल जिथं आहे तिथून ते सुरू व्हायचं. अनुताई आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या, हे जाता जाता. तुझी मुलं गुरुवारपर्यंत गेटच्या जाळीपाशी होती. तू त्यांना आत ओढलंस.

आता ठोकळेवाल्या मुलीचं राहिलेलं सांगते. दिवाळीनंतर मी एक सवय लावून घेतली. अमेरिकेतल्या हायस्कोप पद्धतीत मूल खेळायच्या आधी काय करणार ते सांगतं, मग खेळतं, मग काय झालं ते सांगतं. मी त्यातला पहिला भाग उचलला. सकाळी गोलात बसलं की एकेकाला विचारायचं, 'आज कुठं जाणार?' आणि गप्प राहणाऱ्यांना आधी विचारायचं. तीन दिवस ती काही बोलली नाही, चौथ्या दिवशी ठोकळ्यांकडं बोट केलं. त्या दिवशी पहिला तास ठोकळ्यांवर तिचा हक्क. तिनं काय बांधलं असेल? स्वयंपाकघर. ओटा, मोरी, फडताळ, सगळं. भातुकलीची आवडही खरी होती म्हणायची! तुझ्याकडं २२ मुलं आहेत, रोज सगळ्यांकडं लक्ष जाणार नाही. रोज चार-पाच नावं धर, आठवड्यात सगळी होतात. ज्या मुलाबद्दल शुक्रवारी लिहायला काही सुचत नाही, ते सोमवारच्या यादीत पहिलं.

आता बाईंचा तक्ता. त्याच्याशी भांडू नकोस, तो वापर. 'कृती'च्या रकान्यात निळ्या पेननं वस्तू आणि जागा लिही : 'ओसरी – पाइपचे तुकडे, नरसाळी, उतरती फळी, पाणी.' 'उद्दिष्टा'त एकच ओळ, मुलांच्या बोलण्यातून आलेली : 'पाणी उताराकडं जातं हे हातानं करून बघणं.' गुरुवार-शुक्रवारचे रकाने शनिवारी पेन्सिलनं भर, मागाहून खोडता आले पाहिजेत. 'निष्पत्ती' मात्र कोरी ठेव, ती रोज दुपारी लाल पेननं : कोण, काय केलं, काय म्हणालं. महिन्याभरानं तो लाल मजकूर बाईंपुढं ठेव. रिकाम्या रकान्यांवर बोलणाऱ्या बाई भरलेले रकाने वाचतील. त्याही कधीतरी वर्गावर होत्याच की. शिवाय त्यांना आणखी एक आधार दे : २०२२ साली आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तीन ते आठ वर्षांचा एकच टप्पा धरतो आणि खेळाला मध्यभागी ठेवतो. लहान मुलांच्या चाचण्या-परीक्षा घेण्याऐवजी निरीक्षणातून आणि त्यांच्या कामातून त्यांची वाढ बघा, असंच तो सांगतो. माहितीपत्रकावर छापण्यापेक्षा तो वाचून ठेवलेला बरा.

'फळे' कुठं जाणार नाहीत. पुढच्या आठवड्यात डब्याच्या वेळी खरे पेरू आण आणि मुलांसमोर चीर. मिळालीच तर उशिराची जांभळं आण, बिया काढून दे आणि जिभा आरशात बघू दे. प्लॅस्टिकची द्राक्षं मात्र कपाटात राहू देत. त्यांना ना वास ना रस. मला ती कधीच आवडली नाहीत.

एक सांगते, नाहीतर तू सगळंच मुलांवर सोडशील. गोष्ट रोज तूच सांगायचीस, ठरलेल्या वेळी, तुला आवडेल ती. गाणी, बडबडगीतंसुद्धा. त्यावर मत घ्यायचं कारण नाही. भाषा मोठ्या माणसाच्या तोंडून भरभरून कानावर पडावी लागते, ती मुलं पाइपमधून काढू शकत नाहीत.

पालकांचं दुखणं जुनं आहे. मूल घरी जातं, आई विचारते 'आज काय शिकलास?', ते म्हणतं 'काही नाही, खेळलो.' आईच्या पोटात गोळा. फी भरली ती यासाठी? यावर व्याख्यान देऊ नकोस. गेटपाशी एक फळा ठेव आणि त्यावर रोज एका मुलाचं एक वाक्य लिही, नावाशिवाय : 'जेसीबीचा हात कोपरात वाकतो.' घ्यायला आलेला आजोबा ते वाचतो, थांबतो आणि नातवाला विचारतो, 'हे कोण म्हणालं रे?' घरापर्यंतच्या गप्पांची सोय झाली.

लिहिण्याबद्दल विचारतील त्यांना मनगटाचं सांग. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती नुसती मऊ कूर्चा असते, एक्स-रेमध्ये दिसतही नाहीत. पुढं एकेक करून घट्ट होत जातात, आणि शेवटचं, वाटाण्याएवढं, नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. तीन-चार वर्षांच्या हाताला बारीक रेघांच्या वहीत कोंबणं म्हणजे ओल्या भिंतीवर खिळा ठोकणं. त्याआधी त्या हाताला कणीक मळू दे, मटार सोलू दे, दोरीवर चिमटे लावू दे, ओल्या फरशीवर खडूनं मोठे गोल काढू दे. अक्षरं काय दारातच उभी असतात. तुझ्याच खेळात तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणेल, 'इथं कुणी पाय देऊ नका, असं लिहून दे.' तेव्हा त्याच्यासमोर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिही, 'काम चालू, रस्ता बंद', आणि त्याला ती पाटी रोवू दे. लिहिण्याचा उपयोग काय, हे त्याला त्या क्षणी कळतं. काही मुलं खाली आपल्याही रेघोट्या ओढतात. त्या पुसू नकोस, दुरुस्तही करू नकोस.

जमल्यास एका शनिवारी आई-बाबांनाच बोलव. खुर्च्या मांडू नकोस, खाली माती, विटा, पाइप ठेव आणि विचार, लहानपणी दिवाळीत किल्ला कसा करायचात? आम्ही हे एकदा केलं. पहिली पाच मिनिटं सगळे घड्याळाकडं बघत होते. मग एका वडिलांनी सलाइनच्या नळीचं कारंजं कसं केलं होतं ते सांगितलं, दुसरे म्हणाले, 'टाकी उंचावर ठेवावी लागते हो, नाहीतर पाणी चढत नाही.' कुणी म्हणालं, आम्ही अळीव पेरायचो, कुणी म्हणालं, आमच्या वाड्यात मोहरी. पाऊण तासानं त्यांना उठवताना नाकी नऊ आले. उताराचा आणि उंचीचा धडा त्यांना किल्ल्यासाठी कुणी दिला होता, हे मी विचारलं नाही. जाताना एक आई आपण होऊन म्हणाल्या, 'आमच्या वेळी तक्ता नव्हता.'

गाड्या लावणारा मुलगा. नुसतं गाड्या ओळीत लावणं हा दोष नाही, क्रम लावणं, लांबी बघणं, एकसारखं करणं, हा कितीतरी मुलांचा नाद असतो. त्याला ओढून दुसरीकडं नेऊ नकोस. शेजारी बसून तूही एक ओळ लाव, मध्येच एक फट सोड आणि तो काय करतो बघ. दुसऱ्या दिवशी तिथं एक पुठ्ठ्याचा बोगदा ठेव. दोन-तीन आठवडे नोंदी कर : हाक मारली की बघतो का, आवडलेली गोष्ट बोट करून तुला दाखवतो का, किती बोलतो, ओळ कुणी हलवली तर काय होतं. हाकेला ओ नाही, दाखवणं नाही, बोलणंही फारसं नाही, असं दिसलं तर आई-वडिलांना बाजूला घेऊन शांतपणे सांग की बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, आणि तुझ्या नोंदी त्यांच्या हाती दे. निदान तू करू नकोस, ते आपलं काम नाही. आणि तो बघतो, दाखवतो, बोलतो असं असेल तर त्याला आणखी चार गाड्या दे.

हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत जेसीबी गेलेला असेल. खड्डाही बुजवला असेल, वर ओबडधोबड ठिगळ मारलं असेल. सोमवारी सकाळी रहदारी कमी असताना मावशींना आणि एखाद्या पालकाला बरोबर घे आणि पाच-सहा मुलांना त्या ठिगळापर्यंत ने. पाइपवाली मुलगी पहिल्या खेपेत असू दे. तिथं उभं राहून तिला काय वाटतं ते ऐक, आणि दुपारी लाल पेननं उतरवून घे.